रकाना सतरा

पासपोर्ट आला तेव्हा बाबांनी तो घरात दिला नाही.
अर्जुनीची थैली सकाळीच फुटली होती,
पाकीट त्यांच्या हाताखालून गेलंच असणार,
तरी खैरटोल्याची अख्खी फेरी करून,
निराधारच्या बायांचे अंगठे घेऊन,
कोणाच्या तरी कोर्टाची तारीख पोचवून
दुपारी दोनला आमच्याच फाटकाशी सायकलची घंटी.
"ऋणाली डोमा नान्हे. सही कर. आधार दाखव."
माय हातातलं सूप ठेवून बाहेर आली,
"सोताच्या पोरीले ओळखत नाही का जी?"
"ड्युटी हाये."

फॉर्म मी बोडीच्या पाळीवर बसून भरला.
नेटवर्क तिथंच, कहूच्या झाडाखाली, तेही दोनच कांड्या.
बाबा टॉर्च धरून, माय मच्छर मारत.
आईचं जन्मस्थान?
"मोहाखाली," माय म्हणाली, "माही माय फुलं वेचाले गेली होती."
यादीत मोह नव्हता. तिचं गावही नव्हतं.
मी 'इतर' दाबलं.
याआधी कोणत्या देशांत प्रवास केला?
"राजनांदगाव लिही."
तो परदेश नाही, बाबा.
"राज्य त दुसरं हाये."

टीसीवर ती फुलवंता, आधारवर फुलन, बँकेत फुलाबाई.
अर्जुनीच्या नोटरीनं स्टँपपेपरवर उठवलं,
सदरहू तिन्ही नावांची स्त्री एकच आहे.
मी वाचून दाखवलं.
माय बराच वेळ गप्प, मग म्हणाली,
"तिघी होतो, त मंग रोवणीले मी एकटीच कशी?"

सतरावा रकाना मी शेवटपर्यंत रिकामा ठेवला होता.
शिक्षण संपल्यावर मायदेशी परताल याचा पुरावा जोडा.
नागपूरचा एजंट फोनवर सांगत होता,
घर लिहा, प्लॉट लिहा, भावनेचं काही नको, चालत नाही.
घर लिहिलं. घरटॅक्सची पावती जोडली.
मी तिथं तळ्यांच्या तळाचा गाळ शिकायला चालले आहे.
तिकडे तळी फार.
"आपल्या बोडीहून मोठी?"
असतील.
"शिंगाडे होतात का?"
माहीत नाही, माय.
या गाळात माझी एक चप्पल आहे, पाचवीतली,
डावी,
तिची पावती कुठून आणू?

बाबांनी सेल वाचवायला टॉर्च विझवला.
अंधारात म्हणाले,
"माणूस नाही सापडला त टपाल मागं येते.
फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता साफ लिहिलेला पायजे."
मी पत्ता पुन्हा तपासला.
नान्हेमध्ये एक एन जास्तीचा पडला होता.

हैदराबादला बोटांचे ठसे.
मायचा अंगठा बाबांचं मशीन चारदा नाकारतं,
ती तो लुगड्याला पुसते, फुंकर घालते,
पाचव्यांदा कधी घेतं, कधी उद्या ये म्हणतं.
मीही ओढणीला बोटं पुसली, फुंकर घातली,
आणि पहिल्याच स्पर्शाला हिरवा दिवा.
दहाही बोटं.
काचेपलीकडची बाई म्हणाली, छान उमटलेत.
सहा वर्षांच्या होस्टेलचा
मला इतका राग कधी आला नव्हता.

आज मोबाईल सांगतो : वितरणासाठी बाहेर.
आत काय आहे, हो की नाही,
पाकिटावरून कळत नाही म्हणे.
बोडीच्या पल्याड सायकल दिसते.
कोरेटींच्या अंगणात थांबली. पाणी पिताहेत.
आता म्हातारीला काहीतरी वाचून दाखवताहेत,
दोनदा, तिला ऐकू कमी येतं.
आता चेन पडली वाटतं.
माय म्हणते, "आवाज दे ना वं, आधी इकडं या म्हणा."
मी नाही देत.
आधार काढून ठेवलंय.
पेन शोधते आहे, चालणारा.